आंबट माती, चुनखड माती

खानदेशात वाढलेल्या माणसाला जमीन आंबट असू शकते हे पटवून देणं अवघड जातं. आमच्याकडे जमीन भारी असते, हलकी असते, मुरमाड असते, पाण्यानं बिघडली तर खारवट नाहीतर चोपण होते. आंबट होत नाही. माझी सगळी नोकरी माती तपासण्यात गेली. सातपुड्याच्या पायथ्यापासून गिरणाकाठापर्यंतच्या मातीच्या पिशव्या माझ्या टेबलावरून गेल्या आणि त्यातल्या बहुतेकांचा सामू (आंबटपणा मोजायचा आकडा, इंग्रजीत pH; सातच्या खाली माती आंबट) साडेसात ते साडेआठच्या मध्येच कुठंतरी यायचा. सहाच्या खाली आकडा दिसला की आम्ही आधी यंत्रावर संशय घ्यायचो, मग नमुना आणणाऱ्यावर. एकदा अशाच एका नमुन्याची चौकशी केली तेव्हा कळलं, त्या भल्या माणसानं माती खताच्या रिकाम्या गोणीत भरून आणली होती.

त्यामुळे भाच्यानं अमेरिकेतल्या जॉर्जियातून फोन करून "फुई, माझ्या मातीचा सामू ५.२ आलाय, चुना टाकायला सांगतायत" असं सांगितलं, तेव्हा जुन्या सवयीनं माझा पहिला प्रश्न होता, "माती कशात भरून नेली होतीस?"

हा माझ्या भावाचा मुलगा. केळीच्या बागेत वाढला, जळगावला शिकला, नोकरीसाठी तिकडे गेला आणि आता अटलांटापासून लांब, झाडीत घर घेऊन राहतो. घरामागे त्याची काही एकर जागा आहे. पाइन आणि ओकची झाडं, मधोमध पाव एकरभर मोकळा तुकडा. तिथं त्याला हरणांसाठी चारा पेरायचाय. पांढऱ्या शेपटीची हरणं तिकडे आपल्याकडच्या रोह्यांसारखी, म्हणजे नीलगायींसारखी, कुठंही दिसतात. त्यांच्यासाठी जंगलात असे लहान लहान तुकडे पेरायची तिथं रीतच आहे. क्लोव्हर (बरसीमसारखा चारा), ओट, राय असलं काहीबाही पेरतात. बहुतेक जण ते शिकारीसाठी करतात, हे मला नंतर कळलं. आधी खाऊ घालायचं आणि हंगाम आला की मचाणावर बसायचं, हे काही माझ्या गळी उतरलं नाही. तसं मी त्याला म्हटलंही. तो म्हणाला, "मी नाही मारत, फुई. मी कॅमेरा लावतो." शेजारी मारतो म्हणे. शेजाऱ्याचं शेजाऱ्यापाशी.

शिवाय तिथं शिकारीला ठरलेला हंगाम आहे, परवाने आहेत, हरणांची संख्या मोजून नियम ठरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर सगळी गणितं वेगळी झाली. दोन देशांचे कायदे एकाच काट्यावर तोलायला मी बसले नाही. मला रस होता त्या ५.२ मध्ये.

त्याच्या वडिलांना मात्र त्यातही रस नव्हता. फोन स्पीकरवर होता आणि माझा भाऊ बाजेवरून ओरडला, "चुना भितले देतस रे भो, वावरले नही!"

त्याचं चुकलं नव्हतं. त्यानं आयुष्यभर ज्या वावरात नांगर घातला तिथं प्रत्येक नांगरटीला चुनखडीचे खडे वर येतात. मळकट पांढरे, वेडेवाकडे, गाठीगाठींचे, मुठीत धरले तर टोचणारे. आम्ही लहानपणी ते वेचून बांधावर ढीग घालायचो. पूर्वी हेच खडे गोळा करून भट्टीत भाजत आणि बांधकामाचा चुना करत. गढ्या आणि जुने वाडे उभे राहिले त्यात हा चुना आहे. ज्याच्या वावरातून चुना निघतो त्याला वावरात चुना टाकायला सांगणं म्हणजे काय, हे भावाच्या त्या एका वाक्यात होतं.

पण असं होतं का? खडक तर आमच्याकडे बेसाल्ट, काळा पाषाण. कोकणातही तोच. आणि कोकणातली माती लाल, आम्लधर्मी, तिला खरोखरच चुना लागतो. सह्याद्रीच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच खडकाच्या दोन तऱ्हेच्या माती झाल्या, त्या पावसानं. बेसाल्टमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. खडक झिजला की ते मोकळं होतं. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो हे सगळं धुऊन खाली नेतो आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. खानदेशात ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. पाणी थोडं खाली मुरतं, कॅल्शियम सोबत घेऊन जातं, आणि मग आमचा तो उन्हाळा येतो. पाणी उडून जातं, चुना जागच्या जागी थिजतो. हजारो वर्षं हेच चाललं की खाली चुनखडीच्या गाठी तयार होतात.

भाच्याच्या जॉर्जियात खडकच वेगळा, ग्रॅनाइट आणि नाइसचा. त्यावर वर्षाला साडेबाराशे मिलिमीटरच्या घरात पाऊस, तोही बारमाही. आमच्यासारखं आठ महिने कोरडं राहणं त्या मातीला माहीत नाही. ती लालभडक, धुऊन निघालेली माती. वरून पाइनच्या सुयांचा थर. तिचा सामू पाचाच्या आसपास असणं हीच तिची रोजची तब्येत.

आदल्या वर्षी त्यानं तिथं काहीच न तपासता पांढरं क्लोव्हर पेरलं होतं. उगवण चांगली झाली, बोटभर वाढलं आणि पिवळं पडून तिथंच बसलं. मी त्याला एक झाड मुळासकट उपटून, पाण्यात हळूच धुऊन फोटो पाठवायला सांगितलं. (उपटून म्हणजे खुरप्यानं काढून. ओढलं तर गाठी मातीत राहतात आणि माणूस म्हणतो गाठीच नाहीत.) फोटोत मुळं आखूड, जाडसर, टोकाला तपकिरी झालेली. बारीक तंतुमुळं जवळजवळ नाहीतच. नत्राच्या गाठी दोन-तीन दिसल्या, त्याही फिकट. चांगली गाठ नखानं फोडली की आत गुलाबी निघते, तशी एकही नव्हती. सामू साडेपाचाच्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मुळांना बाधतं. गाठी करणाऱ्या जिवाणूंनाही आंबट मातीत राहवत नाही. हे मी पाठ्यपुस्तकात शिकले होते. प्रत्यक्षात पाहिलं ते निवृत्तीनंतर, तेही मोबाइलच्या पडद्यावर.

तिकडे जवळजवळ प्रत्येक काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात, विद्यापीठाचं विस्तार कार्यालय असतं, तिथं मातीचा नमुना देता येतो. त्यांचा अहवाल मला आवडला. नुसता सामू लिहून थांबत नाहीत. अमुक पीक घेणार असाल तर एकरी इतका चुना, हेही सांगतात. आणि हा आकडा नुसत्या सामूवरून निघत नाही. सामू सांगतो, या क्षणी पाण्यात किती आम्लता मोकळी आहे. मातीच्या आणि कुजलेल्या पाल्याच्या कणांना चिकटून जी बसलीय ती वेगळी मोजावी लागते, त्यासाठी मातीत ठरावीक द्रावण घालून पुन्हा सामू घेतात. सामू दोन्हीकडे ५.२ च असला तरी रेताड माती एकरी अर्ध्या-पाऊण टनात सुधारते आणि चिकण माती तीन टन खाऊन पुन्हा मागते. कपभर ताक चमचाभर साखरेनं गोड होतं, घागरभर ताकाला तेवढ्यानं काय होणार!

त्याच्या अहवालात क्लोव्हरसाठी एकरी दोन टन लिहिलं होतं. अमेरिकी टन म्हणजे २००० पौंड, साधारण ९०७ किलो. पाव एकराला अर्धा टन, म्हणजे साडेचारशे किलो. त्याला वाटलं होतं दोन-चार पिशव्यांत भागेल.

मग चुना आणायचा कुठून, हा प्रश्न. शेतीचा चुना म्हणजे भाजलेला चुना नव्हे, चुनखडीचा दगड दळून केलेली साधी भुकटी. खाणीवरून ती सुटी मिळते आणि स्वस्त मिळते, पण ट्रकनं. ट्रकवाला थोड्याथोडक्या मालासाठी निघत नाही. आणि निघाला तरी झाडीतल्या त्या पायवाटेनं, ओल्या उतारावरून, तुकड्यापर्यंत पोहोचायचा नाही. दुसरी सोय म्हणजे आपलीच छोटी ट्रॉली घेऊन खाणीवर जायचं, टनभर भरून आणायचं आणि फावड्यानं उसपायचं. माल स्वस्त, कंबर महाग. ही भुकटी जरा ओलसर असली की गोळे धरते, पसरायच्या यंत्राच्या तोंडाशी अडकून बसते. तिसरी सोय दाणेदार चुन्याची. तीच बारीक भुकटी, चिकटद्रव्यानं दाणे वळलेली, ४० पौंडांच्या पिशवीत. पाऊस पडला की दाणा फुटून भुकटी मोकळी होते. टनामागे कितीतरी महाग, पण हाताळायला सोपी.

दाणेदार चुना थोडासाच पुरतो, टनाचं काम पोत्यात होतं, असं त्याला दुकानात सांगितलं होतं. दुकानदार इथून तिथून सारखेच. दाणे केल्यानं चुन्याची ताकद वाढत नाही. भुकटी बारीक असल्यानं काम लवकर सुरू होतं, एवढंच. अर्धा टन हवा तर अर्धा टनच लागणार, म्हणजे २५ पिशव्या. जमत नसेल तर निम्मा तुकडा नीट कर, निम्मा पुढच्या वर्षी. सगळ्या तुकड्यावर चिमूट चिमूट टाकशील तर सगळाच तुकडा निम्मा आजारी राहील, असं मी त्याला बजावलं.

पिशवी निवडताना तीन गोष्टी पाहायला सांगितल्या. बारीकपणा पहिला. इंचाला ६० छिद्रं असलेल्या चाळणीतून जे पडतं ते वर्षभरात कामाला येतं, ज्वारीच्या दाण्याएवढे खडे वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात आणि आपण मात्र त्यांच्याही वजनाचे पैसे मोजलेले असतात. दुसरं मॅग्नेशियम. त्याच्या अहवालात ते कमी होतं, म्हणून डोलोमाइटचा चुना. आमच्या काळ्या जमिनीत हा विचार करायची वेळ सहसा येत नाही, बेसाल्टनं सोय करून ठेवलीय. आणि तिसरं म्हणजे शिक्क्यावर भाजलेला किंवा विरलेला चुना लिहिलं असेल तर हात लावायचा नाही.

हे तिसरं त्याला फार समजावून सांगावं लागलं नाही. दिवाळीआधी आमच्या अंगणात पत्र्याच्या पिंपात कळीचा चुना विरवायचे, ते त्यानं लहानपणी पाहिलंय. वरून पाणी ओतलं की आधी काहीच होत नाही, मग ढेकळं तडकू लागतात, वाफ येते आणि पिंप खदखदायला लागतं. पोरांना ओसरीच्या आत कोंडून ठेवायचे. वजनाला वजन धरलं तर या भाजलेल्या चुन्याची आम्लता मारण्याची ताकद दगडाच्या भुकटीच्या पावणेदोन पटीच्या वर आहे, म्हणून काहींना मोह होतो. डोळ्यांत गेला तर काय होतं ते आमच्या गावानं पाहिलेलं आहे.

पसरण्याचा व्हिडिओ त्यानं पाठवला तो मी दोन-तीनदा पाहिला. चारचाकी मोटरसायकलसारख्या गाडीमागे फिरत्या चकतीचं छोटं यंत्र. त्याच्या वरच्या भांड्यात पिशवी फाडून ओततो, करडे-पांढरे दाणे खळखळत पडतात, चकती फिरते आणि दाणे दोन्ही बाजूंना पंख्यासारखे उडतात. निम्मा माल त्यानं उभ्या ओळींनी टाकला, निम्मा आडव्या. ही आमच्याकडची उभ्या-आडव्या पेरणीची अक्कल. त्यामुळे पट्टे राहत नाहीत. शेवटच्या काही पिशव्या कडेला, झाडांच्या बुंध्यांपाशी, घमेल्यातून मुठीनं फेकल्या. हात फिरवण्याची ती ढब मी कुठंही ओळखली असती. खत फेकताना माझा भाऊ असाच उजवा खांदा पुढे काढतो.

नंतर सहा इंचांपर्यंत मातीत मिसळला. हे महत्त्वाचं. चुना पाण्याबरोबर झिरपून आपोआप खाली जात नाही, टाकला तिथंच बसतो. आणि लगेच परिणामही दाखवत नाही. त्याला क्लोव्हर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचं होतं, चुना त्यानं वसंतातच टाकला, मधले महिने पावसावर सोपवले.

हे सगळं चाललं असताना माझ्या डोक्यात सारखं एकच येत होतं. तो तिकडे पैसे मोजून चुना आणतोय आणि त्याचा बाप इकडे पैसे मोजून आम्ल आणतोय. आमच्या विहिरीच्या, बोअरच्या पाण्यात विरघळलेला चुना एवढा असतो की ठिबकच्या नळ्यांची छिद्रं त्यानं बुजतात. पांढरा कडक थर. नखानं खरवडत नाही. मग नळ्यांतून आम्लाचं पाणी सोडायचं, काही तास ठेवायचं, शेवटची बुचं काढून धुऊन टाकायचं. केळीच्या पट्ट्यात हे काम दर हंगामाला ठरलेलं आहे.

आणि स्फुरदाची (फॉस्फरसची) गंमत तर आणखी वेगळी. जॉर्जियात टाकलेलं स्फुरद लोह-ॲल्युमिनियमच्या तावडीत सापडतं. आमच्याकडे टाकलेलं स्फुरद चुन्याच्या. दोन्हीकडे खताचं पोतं रिकामं होतं आणि पीक उपाशी. आमच्याकडे तेवढ्यावर भागत नाही, लोह आणि जस्तही चुन्यामुळे पिकाला मिळेनासं होतं. भुईमुगाची, मोसंबीची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात, जाळी काढल्यासारख्या. शेतकरी म्हणतो केवडा पडला आणि युरिया मारतो. लागतं असतं हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, तेही शेणखतात मुरवून.

अशा जमिनीला वर चुना! मागे आमच्या गावात एक गाडी आली होती. जमीन सुधारक म्हणून पांढऱ्या दाण्यांची पोती विकत होती. कॅल्शियमच्या कमतरतेमुळे उत्पादन घटतंय, असा भोंगा लावलेला. कंपनीचं नाव इथं सांगण्यासारखं नाही, अशा कंपन्या नाव बदलून परत येतातच. मी किराणा दुकानातून एक लिंबू घेतलं, कापलं आणि त्यांच्या नमुन्याच्या चिमूटभर दाण्यांवर पिळलं. दाणे फसफसले. जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचं सल्फेट, असतं तर फसफसलं नसतं. म्हणजे आतमध्ये दळलेली चुनखडीच होती. मग शेजारच्या वावरातलं ढेकूळ आणून त्यावर लिंबू पिळलं, तेही फसफसलं. "हे तर आमच्याकडे फुकट आहे की," असं एक म्हातारा म्हणाला आणि गाडी पुढच्या गावाला गेली. पुढच्या गावात लिंबू पिळणारं कुणी भेटलं का, कोण जाणे.

नीट सांगायचं तर सगळंच कॅल्शियम खोटं नसतं. भुईमुगाला आऱ्या (मातीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटताना जिप्सम देतात ते योग्यच आहे, शेंग ते कॅल्शियम थेट मातीतून ओढते. ठिबकमधून विद्राव्य कॅल्शियम देतात त्याचा हिशोब वेगळा. चोपण जमिनीला, जिथं सोडियमनं मातीचे कण विस्कटून पाणी मुरणं बंद झालंय, तिथं जिप्समच लागतं. पण ते आधी तपासून, आणि निचऱ्याचे चर काढल्यावर. सुटलेलं सोडियम वाहून जायला वाटच नसेल तर ते तिथंच घुटमळतं. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ साली सुरू झाली, तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब धरून १२ गोष्टी असतात. घरोघरी पत्रिका आहेत. ट्रंकेत, साडीच्या घडीखाली, बँकेच्या पासबुकाशेजारी. वाचलेली एखादीच.

जनावरांसाठी, पाखरांसाठी म्हणून जो तुकडा ठेवतात त्याची तर माती तपासायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. जिथून उत्पन्न मोजायचं नाही तिथं अहवालाला खर्च कशाला, असा सरळ हिशोब. उरलेलं बी, उरलेलं खत, पडीक कोपरा. भाच्यानंही पहिल्या वर्षी तेच केलं होतं. मला हे पटत नाही. दान द्यायचं तर किडकं धान्य देऊ नये म्हणतात, मग मातीला तरी तो नियम का नको?

माझा स्वतःचा असा एक तुकडा आहे, चोपडा तालुक्यातल्या आमच्या वावरात, पाच गुंठ्यांचा. फक्त पाखरांसाठी. हरणांसाठी, रोह्यांसाठी मी काही पेरत नाही आणि कुणी पेरावं असं मला वाटतही नाही. सातपुड्याच्या पायथ्याला राहून रोह्यांना आणि रानडुकरांना चारा लावून बोलावणं म्हणजे त्यांना शेजाऱ्याच्या केळीत नेऊन सोडणं. एकदा वाट माहीत झाली की ती जनावरं आपला बांध आणि त्याचा बांध ओळखत नाहीत. त्यांच्यासाठी गवत राखायचं तर ते यावलच्या किंवा अनेरच्या अभयारण्यात, वनखात्यानं राखावं. तिथल्या कुरणात गवत टिकलं तरी निम्मा प्रश्न सुटेल. भाच्याच्या तुकड्याच्या चारी बाजूंना झाडी आहे, हरणांमुळे नुकसान झालंच तर शेजारणीच्या गुलाबांचं. त्याची गोष्ट निराळी.

पाच गुंठ्यांत खरिपाला बाजरी, कडेनं थोडी चवळी. रब्बीला दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी. दादर मी मुद्दाम उशिरापर्यंत उभी ठेवते. थंडीत भोरड्या येतात तेव्हा कणसं भरलेली असतात. भोरड्या खातात कशा हे जवळून पाहण्यासारखं आहे. थवा उतरतो तेव्हा आधी आवाज येतो, कापड फाडल्यासारखा. गुलाबी अंगाचे, काळ्या डोक्याचे पक्षी कणसाला बाजूनं लटकतात आणि दाणा चोचीत धरून बोंड मागे सोडतात. चिमण्या खालचं सांडलेलं टिपतात. पोपट तेवढे उधळे, सगळं कणीस तोडून नेतात, चार दाणे खातात आणि टाकतात. तितरं पहाटे येतात आणि माणूस बांधावर दिसला की चालतच निघून जातात, उडत नाहीत.

या तुकड्याची माती मी तपासली तेव्हा सामू ८.३ आला, मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर आणि सेंद्रिय कर्ब लाज वाटावी इतका कमी. भाचा म्हणाला, "तिकडे टाकायला काय पाठवू?" काही नको. चुना तर आहेच, तो नुसता झोपलेला आहे. त्याला जागं करायला आम्ल लागतं, आणि ते विकत घ्यायची गरज नाही. धैंचा पेरायचा. पाच गुंठ्यांना दोन-अडीच किलो बी पुरतं. जूनमध्ये पेरला की चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कमरेच्या वर जातो, फुलावर यायच्या बेतात असताना नांगरून गाडायचा. तो कुजताना जो कार्बन डायऑक्साइड आणि जी सेंद्रिय आम्लं तयार होतात, ती मुळांभोवतीचा चुना थोडा थोडा विरघळवतात. कॅल्शियम मोकळं होतं, मातीचे कण एकमेकांना धरतात, भेगा कमी पडतात, पाणी मुरतं. सामू फारसा खाली येत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये. एवढ्या चुन्याला हरवायला डोंगराएवढं आम्ल लागेल. पण दादरचं पान हिरवं राहतं. ज्यांच्या जमिनी चुनखड असून चोपणही झाल्यात त्यांना गंधक टाकायला सांगतात, तेही याच हिशोबानं. जिवाणू गंधकाचं आम्ल करतात आणि ते आम्ल मातीतल्याच चुन्यापासून जिप्सम बनवतं. म्हणजे चुना बाहेरून आणायचाच नाही, घरातला कामाला लावायचा.

धैंच्याशिवाय मेंढ्या. उन्हाळ्यात ठेलारी येतात तेव्हा दोन रात्री त्यांचा कळप त्या तुकड्यावर बसवून घेते. धान्य आणि थोडे पैसे द्यावे लागतात. लेंड्या आणि मूत, दोन्ही मातीत. सकाळी कळप उठून गेला की जमीन इतकी तुडवलेली असते की भाऊ म्हणतो, "हाई काय वावर शे का गावठाण?" पहिल्या पावसानंतर तो काही म्हणत नाही.

भाच्याच्या तुकड्यात यंदा क्लोव्हर वाढलंय. पुन्हा नमुना दिला तर सामू ५.९ आला. एकदम साडेसहा झाला नाही म्हणून तो नाराज होता. मी म्हटलं, राहू दे, जाडे कण अजून विरायचेत, पुढच्या वर्षी परत तपास आणि तेव्हा लागला तरच टाक. जास्त झाला तर काढायची सोय नाही. तुझ्या बापाला विचार. कॅमेऱ्यात त्याला एक मादी आणि दोन पिल्लं दिसली, ती क्लोव्हर सोडून कडेचे ओट खात होती. ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

इकडे माझं भांडण वेगळंच चाललंय. लगतच्या वावरातले काका म्हणतात, तुमच्या दादरमुळे भोरड्या आमच्याही दादरवर येतात. मी म्हणते, माझी दादर नसती तर सगळ्या तुमच्यावरच आल्या असत्या, शिवाय तुमच्या हरभऱ्यातल्या अळ्या कोण खातं ते बघा. त्यांना माझं पटत नाही, मलाही त्यांचं पूर्ण चुकीचं म्हणवत नाही. शेवटी ठरलं ते असं की पुढच्या वर्षी पाखरांचा तुकडा त्यांच्या बांधापासून हलवून विहिरीकडे न्यायचा, आणि भोरड्यांच्या दिवसांत त्यांनी गोफण चालवली तर मी तोंड उघडायचं नाही. विहिरीकडची माती मी अजून तपासलेली नाही. तिथं पूर्वी गुरं बांधत, त्यामुळे वरचं खरवडून नमुना घेण्यात अर्थ नाही. नेहमीसारखा सहा इंचांचा व्ही आकाराचा खड्डा, दहा-पंधरा जागी, आणि माती स्वच्छ घमेल्यात.